जेटीखालचा माणूस

सकाळचे सात वाजले होते. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. ती जेटीवर, तिकीटखिडकीसमोर खुर्ची टाकून चहाचा पहिला घोट घेत होती, आणि तेवढ्यात दार वाजवावं तसं कुणीतरी तिच्या पायाखालून वाजवलं.

टक. टक. टक.

तिने कप खाली ठेवला. खाली दार नव्हतं. खाली फळ्या होत्या, फळ्यांखाली खांब आणि खांबांभोवती कमरेएवढं पाणी. मासे वाजवत नाहीत, एवढं ज्ञान तिला नक्कीच होतं. जन्म गेला होता या पाण्यावर.

टक. टक... ठप.

ती पालथी झाली आणि कडेवरून डोकं खाली लोंबकळत सोडून बघायला लागली. नेमकं त्याच क्षणी खालून एक डोकं वर आलं. दोन नाकांमध्ये चार बोटांचं अंतर! ती किंचाळली. तोही किंचाळला. पलीकडची सगळी बदकं एकदम उडाली.

"कोण तुम्ही?"

"मी... सुट्टीवर आलोय."

"जेटीखाली?"

"नाही, नाही. खोली घेतलीय टेकडीवर." तो कमरेपर्यंत भिजला होता. हातात छोटीशी लाकडी हातोडी, कानावर पेन्सिल. "मी लाकडी पूल तपासतो. म्हणजे नोकरीच आहे ती. ठोकून बघायचं आणि आवाज ऐकायचा."

"सुट्टीतसुद्धा?"

"मांजर दिसलं की लोकांना कुरवाळावंसं वाटतं ना... तसं माझं खांब दिसला की होतं."

इतकं मूर्ख उत्तर इतक्या प्रामाणिक चेहऱ्याने कुणी दिलेलं तिने ऐकलं नव्हतं. हसू दाबायला तिने चहा घेतला तर तो गार झाला होता.

डोंगरांच्या कुशीतलं ते गाव सुट्टीतल्या कुटुंबांवरच चालायचं. तळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी, ओढ्यावरचा झुलता पूल, झाडावरचं घर, कुरणातली तट्टं, आणि सगळ्यांत गर्दीची जागा म्हणजे ही जेटी. सतरा पायडल बोटी. बोटी वडिलांच्या, पण हुकमत तिची. गळ्यात शिट्टी, हातात कर्णा, आणि "नऊ नंबर, भांडणं किनाऱ्यावर येऊन करा!" असा पुकारा. बोटवाले तिला कप्तान म्हणत.

तो आला होता बहिणीच्या बिऱ्हाडाबरोबर. ताई, भावजी आणि दोन भाच्या. चार दिवसांत त्याने झुलता पूल ठोकला, झाडावरच्या घराचा जिना ठोकला, आगगाडीच्या फलाटाचा बाकही सोडला नाही. भाच्या लाजेने "मामा, पुरे ना!" म्हणून ओरडायच्या. ऐकून ऐकून तट्टूवाल्यापासून फुगेवाल्यापर्यंत सगळं गाव त्याला मामा म्हणायला लागलं. पंचाईत झाली ती हिची. बाकी काहीही म्हणेन, पण मामा म्हणणार नाही, हे तिने दुसऱ्याच दिवशी ठरवलं. का ठरवलं, ते स्वतःला विचारायचं मात्र टाळलं.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला. पँट पुन्हा ओली.

"रोज पडता का पाण्यात?"

"रोज. एक तिकीट द्या."

"एकट्याला बोट मिळत नाही. कलते. दुसरं माणूस आणा."

"माझ्या ओळखीचं इथे एकच माणूस आहे," तो म्हणाला, "आणि ते खिडकीत बसलंय."

ज्या तोंडाला सतरा बोटी घाबरत, त्या तोंडावरचं हसू लपवायला ती वाकून खणात काहीतरी शोधायला लागली. शेवटी तिने खिडकीवर 'अर्ध्या तासात येतो' ही पाटी लावली. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात ती पाटी पहिल्यांदाच लागली असावी, कारण तिच्यावरची धूळ झाडावी लागली.

तळ्याच्या मध्यावर वारा होता. पाण्याचे बारीक तुषार तिच्या मनगटावर उडत होते, आणि तो पायडल मारायचं सोडून तेच बघत होता.

"तुम्ही पाय चालवत नाही आहात," ती म्हणाली. "आपण गोल फिरतोय."

"माझी काही तक्रार नाही."

"तुमच्या भाच्या किनाऱ्यावरून बघताहेत."

"त्यांनाही नसेल."

मग बुधवारही तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी, शेवटची बोट बांधून झाल्यावर, तो आला आणि खिडकीशी नुसताच उभा राहिला. थट्टा नाही, हसू नाही. आता हा काहीतरी बोलणार...

तो बोलला. "रविवारी जेटीवर माणसं उभी करू नका."

"काय?"

"सहावा आणि सातवा खांब आतून पोकळ आहेत. रोजची रांग सोसतील. शर्यतीची गर्दी नाही सोसणार."

रविवारी वर्षाची मोठी शर्यत होती. बाप-लेक, माय-लेकी, आजोबा-नातू अशा जोड्या बोटींत, आणि शिट्टी व्हायची वाट बघत तीनशे माणसं जेटीवर. पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिच्या पायाखाली जमीन नव्हतीच, तेव्हा तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

"कधी कळलं हे तुम्हाला?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "सोमवारी. पहिल्याच दिवशी."

"आणि आज सांगताय?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतं. बोलणंच खुंटलं असतं."

"आणि आता नाही हाकलणार, असं कोण म्हणालं?" तिचा आवाज चिरकला. "चार दिवस! चार दिवस लेकुरवाळी माणसं या फळ्यांवर उभी होती, आणि तुम्ही... तुम्ही माझ्याबरोबर गोल फिरत होतात? जा इथून!"

"माझं ऐकून तरी..."

"जा!"

तो गेला. मागे वळून दोनदा बघितलं, पण गेला.

घरी तिने वडिलांना सांगितलं. ते आधी हसले, मग लालबुंद झाले. ती जेटी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती, तिच्या जन्माच्या वर्षी. घरात पोर आणि पाण्यात खांब एकाच महिन्यात उभे राहिले, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"लाकूड मी निवडलंय, मी! कोण हा टिकोजीराव? पूल तपासतो म्हणे! तू कुणाचं ऐकणार आहेस? माझं, की त्या टकटक्याचं?"

ती उठली आणि उद्याची तिकिटं मोजायला लागली. वडिलांना ते मोजणं थपडेसारखं लागलं. शुक्रवार-शनिवार बापलेक एकमेकांशी फक्त बोटींच्या नंबरांत बोलले.

रविवारी उजाडताच ती स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाली. मनातून तिला तो माणूस खोटा ठरायला हवा होता. आणि खोटा ठरला असता तर तिला रडू आलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. पाणी बर्फासारखं होतं. तिने सहाव्या खांबावर टोक टेकवलं आणि जरासं दाबलं.

पिकल्या पेरूत सुरी शिरावी तसा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

बोटं लावली तर लाकडाचा ओला भुगा हातात आला. सत्तावीस वर्षं तिने त्यावर चहा प्यायला होता, अभ्यास केला होता, आणि खाली हे!

मग डोळे अंधाराला सरावले, आणि दुसरी गोष्ट दिसली. सहाव्या खांबाच्या दोन्ही बाजूंना ताज्या लाकडाचे दोन टेकू होते, पाचर मारून पक्के बसवलेले. सातव्यालाही दोन. प्रत्येकावर पेन्सिलीने वार लिहिलेला. मंगळवार. मंगळवार. बुधवार. बुधवार. रोज ओली पँट! रोज पाण्यात पडणारा माणूस!

पाचवा टेकू जरा लांब होता, एकटाच. तो कशाखाली येतो, हे तिने वर मान करून, फळ्या मोजून काढलं. तिच्या खुर्चीखाली.

तिने तिथल्या खांबावरही स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं. मग बाहेर आली, दोर घेतला आणि जेटीच्या तोंडाशी आडवा बांधला. वडील इस्त्रीची पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आले, तेव्हा दोराअलीकडे माणसं जमायला लागली होती.

"हे काय? सोड तो दोर."

"नाही, बाबा."

"लोकांसमोर तमाशा करू नकोस."

"बाबा, एकदा पाण्यात उतरा. मग सोडा म्हणालात तर सोडते."

शेदीडशे डोळ्यांदेखत ते इस्त्रीच्या पँटीनिशी पाण्यात उतरले. जेटीखाली दिसेनासे झाले. लोक कुजबुजत होते, पोरं "कधी सुरू?" म्हणून भोकाड पसरत होती. ते बाहेर आले तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. तिच्यासमोर त्यांनी ती उघडली. भुगा. त्यांचा चेहरा बघवेना. तिने त्यांचा दंड धरला.

क्षणभरच. मग त्यांनी शिट्टी फुंकली. "शर्यत किनाऱ्यावरून सुटेल! बूट काढा सगळ्यांनी!"

आणि मग असा काही गोंधळ उडाला की विचारू नका. पँटी गुडघ्यावर गेल्या, आजोबा नातवांच्या आधी पाण्यात घुसले, दोन बोटी उलट्या दिशेने सुटल्या. इतकी हसणारी शर्यत त्या तळ्याने आजवर बघितली नव्हती.

तो लांब उभा होता, ताईच्या सामानाजवळ. ती निथळत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"टेकूंचं का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. तुम्ही 'जा' म्हणालात."

"चार टेकू कळले. पाचवा कशाला? तिथला खांब ठणठणीत आहे. मी तपासला."

त्याचे कान लाल झाले. "तशी... गरज नव्हती."

"मग?"

"मला झोप लागत नव्हती."

राग शोधला तर थोडाच शिल्लक होता. "पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत ना..."

"नाही लपवणार."

"ही जेटी नवी बांधायला किती दिवस लागतात?" मागून वडिलांचा आवाज आला. दोघेही दचकले.

"दोन महिने," तो म्हणाला.

"आणि तुमची सुट्टी संपली आज."

"संपली कसली!" ताई बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली. "बुधवारीच दोन महिन्यांनी वाढवून घेतलीय याने. आम्हाला म्हणाला, हवा मानवलीय."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत होता. आत्ताच, या घटकेला, 'नाही लपवणार' म्हणालेला माणूस!

"हे सांगणारच होतो," तो पुटपुटला.

वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पूल तपासणाऱ्याने पूल न्याहाळावा तसं. "आमच्या घरी वरची खोली रिकामी आहे," ते म्हणाले. "जिना मी बांधलेला नाही, तेव्हा बिनधास्त चढा." आणि ओल्या पँटीने चपक चपक करत निघून गेले.

आता तिथे नुसती शांतता. म्हणजे तीनशे माणसांचा आरडाओरडा होता, पण तो कुठेतरी लांब.

"ऐका," तो म्हणाला. "जेटी दोन महिन्यांत होईल. पण त्यानंतर... म्हणजे ती झाल्यावरही... मी इथेच राहिलो, तर तुम्हाला..."

"हो!"

ते इतकं मोठ्याने आलं की पाण्यातल्या नऊ नंबरने वळून बघितलं. भाच्यांनी तोंडावर हात घेतले. त्याचा प्रश्न अर्धाच राहिला. पण सगळ्यांत जास्त हादरली होती ती स्वतःच. एवढ्याशा शब्दाला घशाशी यायला उभा आठवडा लागला होता, आणि निघताना त्या शब्दाने तिला विचारलंसुद्धा नव्हतं.