भाडेकरूचा इकामा

अल-खोबरमधला तो फ्लॅट माझ्या कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर मी या देशात राहत होतो त्या मालकाचा. दोन खोल्या, किचन. कुवेतवर हल्ला झाला तेव्हा अमिरुन्निसाला मी गुहागरला पाठवून दिलं. तिला परत आणायचं तर व्हिसासाठी फ्लॅट हवा, आणि कफीलने बजावलं होतं, आतली खोली रिकामी दिसली तर फ्लॅट दुसऱ्याला. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी घरमालक झालो.

उल्हास बोरकुटे आला. नागपूरचा, एसी दुरुस्त करणारा. मी कंपनीचं पत्र मागितलं, आधीच्या घरमालकाला फोन करून खात्री केली. मग त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, उघडून फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"वहाबभाई, झेरॉक्स ठेवा ना."

"झेरॉक्सवर माणूस थांबत नाही."

अकरा वर्षं माझा पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत होता. त्यावरून मी त्याला रोज शिव्या घालायचो. पहिली संधी मिळाली आणि मी तेच केलं. खोटं कशाला लिहू?

जानेवारीत लढाई पेटली. विषारी गॅस आत येऊ नये म्हणून सगळ्यांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. उल्हास माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"इकामा द्या. जेद्दाला जातो. कागदाशिवाय चेकपोस्टवर सोडत नाहीत."

"खोली रिकामी झाली तर माझी बायको तिकडेच राहील."

"माझीपण तिकडेच आहे, वहाबभाई."

मी दिला नाही.

सकाळी बॅग घेऊन तो जिना उतरला. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गॅलरीतून पाहत होतो. दुपारी कामावरून आलो तर आतल्या खोलीतून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज. चर्र. थांबून पुन्हा चर्र. परतला, वाटलं. दार ढकललं, उघडेना. फटीत पट्टीची तपकिरी कड दिसत होती, आतून लावलेली.

"रागावलास काय रे?"

मी दाराशी चहा ठेवला. संध्याकाळी कप धुऊन पालथा घातलेला. पट्टी मात्र जशीच्या तशी.

असे दहा दिवस गेले. इमारत ओस पडली होती. वरचे केरळवाले गेले, खालचे पाकिस्तानी गेले. भिंतीपलीकडे कुणी खोकतंय, एवढ्यानेही मला बरं वाटायचं.

अकराव्या दिवशी त्याच्या कंपनीतला नदीम आला. बसला नाही.

"उल्हास वारला. एकोणीस तारखेला, चेकपोस्टवर. इकामा नाही म्हणून बाजूला बसवून ठेवलं होतं. सायरन झाला, छातीत कळ आली. बॉडी घरी पाठवायला इकामा लागतो. तुमच्याकडे आहे?"

एकोणीस. तो जिना उतरला तोच दिवस.

इकामा दिला तर मी अडकणार. खोली रिकामी ठरणार. फ्लॅट जाणार.

"नाही," मी म्हणालो.

नदीम गेला. मी दार लावलं.

"कोण आलं होतं, वहाबभाई?"

आवाज आतल्या खोलीतून आला.

मार्चमध्ये कफीलचा कारकून तपासणीला आला. त्याने आतलं दार ठोठावलं, खोकला ऐकला, कागदावर खूण केली आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून पुढच्या फ्लॅटकडे गेला.

एप्रिलमध्ये अमिरुन्निसा आली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी तिने चहा केला, तीन कप भरले आणि तिसरा घेऊन आतल्या दाराकडे निघाली.

"तो कुणाला?"

"साखर कमी हवी म्हणाले," ती म्हणाली. "आणि त्यांचा कुठलासा कागद तुमच्याकडे राहिलाय म्हणे."