सुट्टीचा बिगुल

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मला वाद घालायचा नाही.

आणखी एक. यात रात्र नाही, अमावास्या नाही, पिंपळ नाही. भुतांना रात्रच लागते असं तुम्हाला कुणी सांगितलं? हे सगळं घडलं भर दुपारी, सोलापुरात, एप्रिलमध्ये. ज्यानं ती दुपार अंगावर घेतली आहे त्याला जास्त सांगायला नको.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. नाव जोतीराम. त्यांच्यासोबत घडलं. शेवटचं तेवढं माझ्यासोबत.

साल १९३४. आजोबा सोळा वर्षांचे, गिरणीच्या चाळीत राहायचे. त्याच चाळीत मानसिंग राहायचा. एकोणीस वर्षांचा, गिरणीत कामाला. चाळीतल्या पोरांचं बिगुल-ढोल पथक त्यानं उभं केलं. जुन्या बाजारातून लष्करातले दोन टाकाऊ बिगुल आणले, ढोल स्वतः बसून मढवले. सुरुवातीला चार पोरं होती, दोन वर्षांत अठरा झाली. गिरणीतून सुटला की अंगावरचा कापूस न झटकताच गडी मैदानात हजर.

शिस्तीला मात्र लई कडक.

त्याचा एक नियम होता. तो नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. मानसिंग सगळ्यांत पुढे उभा राहायचा, मोठा ढोल गळ्यात घालून. मागे रांग. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. सराव संपला की बिगुलवाला सुट्टीचा बिगुल वाजवणार. मग मानसिंग ढोलावर एकच थाप देणार आणि मागे वळणार. मगच रांग मोडायची. तोवर कुणी हलायचं नाही.

बिगुलवाले माझे आजोबा.

एकदा वळवाचा पाऊस आला. आजोबांनी मुद्दाम बिगुल वाजवला नाही, पोरांची गंमत बघत राहिले. मानसिंग मागे न बघता एवढंच म्हणाला, "जोत्या, सकाळपत्तुर थांबायची तयारी हाय माझी."

आजोबा हे हसत हसत सांगायचे. पुढचं सांगताना कधी हसले नाहीत.

त्या एप्रिलात पथकाला मंद्रूपच्या जत्रेचं बोलावणं आलं. बाहेरगावचं पहिलंच. रविवार होता, गिरणी बंद. सकाळी नऊला सराव सुरू झाला आणि बारा वाजले तरी संपेना. शेवटी मानसिंगनं सगळ्यांना ताठ उभं केलं. जत्रेत लोक हसायला नकोत म्हणून.

आजोबा रांगेच्या टोकाला होते. बिगुल वाजवून ओठ सोलले होते, घसा सुकला होता. घर पन्नास पावलांवर. पाणी पिऊन लगेच येऊ, असं मनाशी म्हणून ते हळूच सटकले.

घरी आईनं भाकरी वाढली. दोन घास खातात तोवर दारातून सिदू आणि मायाप्पा जाताना दिसले, खांद्यावर ढोल घेऊन. ही पथकातलीच पोरं. आजोबांना वाटलं, सुटलं वाटतं. दुसरा बिगुल होताच, कुणीतरी वाजवला असेल, आपल्या कानावर आला नसेल.

भाकरी संपवली आणि आडवे झाले.

कुणीही वाजवला नव्हता.

आजोबांना जाताना बघून शेजारचा सटकला. मग त्याच्या शेजारचा. सगळी अनवाणी पोरं, पायांचा आवाज नाही. रांग अशी मागच्या मागे रिकामी झाली.

मानसिंग पुढे बघत उभा राहिला.

मागे रांग आहे, असं समजून.

तीनच्या सुमाराला त्याची आई बजाबाई त्याला शोधत आली. तो ढोलावर पालथा पडला होता. टिपरू हातातच होतं. ऊन लागलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

आजोबांनी त्या दिवसापासून वर्षभर बिगुलाला हात लावला नाही. मी मारला त्याला, असं ते म्हातारपणीही म्हणायचे. आम्ही समजूत काढायचो. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे.

महिनाभरानं बजाबाई रोज दुपारी मैदानात पाण्याचा तांब्या ठेवायला लागली.

"माझं लेकरू अजून उन्हात हुबं हाय," म्हणायची.

दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं चाळ म्हणाली. एक दिवस आजोबांनी लांबून तांब्या बघितला. रिकामा होता. त्याचं काही नाही, कुत्री-मांजरं पितात. पण तांब्या... पालथा घातलेला होता. नीट, तोंड जमिनीला टेकवून.

पाणी पिऊन तांब्या पालथा घालायची सवय मानसिंगची होती.

वर्ष झालं. पथकानं त्याचा स्मरणदिन ठेवला. त्याच मैदानात, दुपारी बारा वाजता. पुढे स्टुलावर त्याचा ढोल, ढोलाला हार. मागे रांग. चाळीतले चार जण बोलले. मानसिंग नसता तर ही पोरं उकिरड्यावर गोट्या खेळत बसली असती, असं एक जण म्हणाला. ते खरंच होतं.

मग बजाबाई उठली आणि सरळ आजोबांपाशी आली.

"जोतीराम, तेवढा सुट्टीचा बिगुल वाजीव. तू वाजिवल्याबगर तो घरला यायचा न्हाय."

नाही कसं म्हणणार? आजोबांनी वर्षानंतर बिगुल तोंडाला लावला. एकही सूर चुकला नाही.

सगळे ढोलाकडे बघायला लागले.

थाप आली नाही.

येणार कुठून? वाजवणारा होता कोण? पोरं थोडा वेळ चुळबुळली आणि घरी गेली. माणसंही पांगली. बजाबाई कडेच्या लिंबाखाली बसून राहिली.

आजोबा मात्र रांगेतल्या जागेवरून हलले नाहीत. एकदा हललो होतो, आता नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

ऊन डोक्यावर. वारा बंद. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आणि स्टुलामागच्या धुळीत...

एक थेंब पडला.

धुळीत काळा ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. वर आभाळात ढगाचं नाव नाही. उभ्या माणसाच्या हनुवटीवरून घाम गळावा, तसे एकाच जागी थेंब पडत होते.

टप... टप...

गिरणीच्या तेलाचा आणि कापसाचा वास आला. आणि मग समोरून आवाज आला. थकलेला, पण ओळखीचा.

"रांग हाय न्हवं मागं?"

आजोबांच्या मागे, बाजूला कुणी नव्हतं. अख्ख्या मैदानात ते एकटे होते.

ते म्हणाले, "व्हय. हाय."

थेंब पडत राहिले. तीन वाजता थांबले. थाप काही आली नाही.

आजोबा खाली कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा बजाबाई तोंडावर पाणी मारत होती.

"गेला का रं माझा मानसिंग?"

"गेला, मावशी."

एका दुपारी दोनदा खोटं बोललो, असं आजोबा म्हणायचे. एकदा मेलेल्याशी, एकदा त्याच्या आईशी. पण त्या दिवसापासून बजाबाई रात्रीची झोपायला लागली. तांब्या ठेवणं बंद झालं.

आजोबा मात्र दरवर्षी त्या दिवशी मैदानात जाऊन उभे राहायचे. बारा ते तीन. पथक मोडलं, गिरणी बंद पडली, आजीनं डोक्यावर हात मारून घेतला, तरी जायचेच. मी एकदा विचारलं, कशाला? तर म्हणाले, "कवातरी त्यो मागं वळंल की. तवा कुणीतरी दिसाया पायजे त्याला."

१९९४ च्या मार्चमध्ये आजोबा गेले. घरात बिगुल वाजवता येणारं कुणी नव्हतं.

आता त्या मैदानावर मंगल कार्यालय आहे. मागच्या एप्रिलात भाचीच्या लग्नाला गेले होते. आहेराची पिशवी मागे लावलेल्या जाऊबाईंच्या गाडीत राहिली म्हणून दुपारी मागच्या अंगणात गेले. सिमेंटची फरशी, कडेला तो लिंब अजून उभा. तारीख तेव्हा लक्षात आली.

आणि फरशीवर...

थेंब पडत होते. पडत होते, वाळत होते, पुन्हा पडत होते.

दोन ठिकाणी.

एक पुढे. एक त्याच्या मागे, दहा-बारा हातांवर.

मी त्या मागच्या थेंबांच्या मागे जाऊन उभी राहिले. हात सरळ, मान ताठ. का, ते मला विचारू नका. किती वेळ गेला तेही माहीत नाही. मग जाऊबाईंनी हाक मारली, "अहो, पंगत बसली की." मी गेले. जेवले. दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या.

घरी येताना रिक्षात एकदम आठवलं.

बिगुल वाजला नव्हता. थाप पडली नव्हती. आणि मी रांग सोडून आले होते.

तेव्हापासून दुपारचे बारा वाजले की माझ्या तोंडाला कोरड पडते. मी स्वयंपाकघरात असते. ओट्याकडे तोंड, घरात दुसरं कुणी नाही. आणि अगदी समोरून आवाज येतो...

"रांग हाय न्हवं मागं?"

आवाज मानसिंगचा नसतो. त्याचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही.

तो माझ्या आजोबांचा असतो.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.