इथून डाउवे नाही

दर मंगळवारी संध्याकाळी सातला मी गावच्या सभागृहाचं कुलूप काढते, हीटर लावते आणि कपाटातले नोटेशनचे कागद स्टँडांवर मांडते. एकवीस स्टँड, एकवीस फायली. चाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायची मला सवय नाही, म्हणून हे सगळं सलग असं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं आल्डेवीर उत्तर समुद्राच्या बांधाला टेकून आहे. शाळा बंद झाली, दुकान गेलं, चर्च महिन्यातून एकदा उघडतं. उरलाय तो बँड. पितळी वाद्यं, सॅक्सोफोन आणि ढोल, बाकी काही नाही. सॅक्सोफोनांतला सर्वांत मोठा, बॅरिटोन, मी वाजवते. माझा धाकटा भाऊ डाउवे फ्ल्यूगलहॉर्न वाजवतो. दिसायला ट्रम्पेटसारखं, पण आवाज लोकरीसारखा मऊ. तो गाई सांभाळतो, लग्न केलं नाही, माझ्या शेजारच्याच घरात राहतो. माझं नाव रिन्स्के, पण मला 'रिन्स' म्हणणारा तो एकटाच. बाकी सगळ्या गावाची मी बाई.

दर तीन वर्षांनी प्रांताची स्पर्धा असते. एक रचना नेमून दिलेली, एक आपल्या आवडीची. गेल्या खेपेला आमचे गुण इतके घसरले, की या वेळी तसंच झालं तर शेजारच्या गावच्या बँडमध्ये आम्हाला विलीन करणार होते. समोर उभा राहून छडीने बँड चालवणारा आमचा कंडक्टर गेर्लोफ पस्तिशीचा, माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, परीक्षकांना रडवेल असं काहीतरी शोधा. आणि त्यात डाउवेला सोलो हवा. आपल्याकडे दाखवण्यासारखा दुसरा आहे कोण?"

"मी आहे की!" मागून सिप्के म्हणाला. सिप्के एक्क्याऐंशीचा, ट्यूबा हे अवजड पितळी वाद्य वाजवतो.

"तुला दाखवायचं म्हणजे आधी जागं करायला लागेल," डाउवे म्हणाला, आणि सगळे हसले.

रचना मला कपाटातच सापडली. पूर्वेकडच्या एका गावचा बँड बंद पडला तेव्हा त्यांची चार खोकी आमच्याकडे आली होती. त्यातल्या एकात 'पाणी ओसरताना' नावाची रचना होती, तिथल्या कुणा शाळामास्तरने लिहिलेली. ओहोटीनंतर उघडा पडलेला मैलोन्‌मैल चिखल डोळ्यांसमोर यावा असं संथ संगीत. मधोमध फ्ल्यूगलहॉर्नचा लांब सोलो. गेर्लोफने ती पियानोवर दोनदा वाजवून पाहिली. मग म्हणाला, "हीच."

जुन्या नोटेशनवर पेन्सिलीच्या खुणा असतातच. इथे श्वास घ्या, इथे हळू. कंडक्टरकडे बघायची आठवण म्हणून लोक चष्म्याचं चित्र काढून ठेवतात. पण माणसागणिक अक्षर वेगळं असतं. या संचात सगळ्या एकवीस फायलींत अक्षर एकच होतं. बारीक, डावीकडे कललेलं. मी फायली लावताना ते पाहिलं आणि विसरले.

कागदावर सूर उभ्या रेघांनी खणाखणांत वाटलेले असतात, आणि मोजायला सोपं जावं म्हणून खणांना नंबर देतात. माझ्या फायलीत एकेचाळिसाव्या खणावर लिहिलं होतं, "खिडकी." दुसऱ्या तालमीला आम्ही एकेचाळिसाव्या खणात शिरलो आणि पश्चिमेची खिडकी धाडकन उघडली. बाहेर वारा नव्हता. कडी जुनी आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या मंगळवारी अडुसष्टाव्या खणात सिप्केच्या खुर्चीचा पाय मोडला. तो ट्यूबासकट खाली बसला. सगळे हसत असताना मी वाकून त्याची फाइल पाहिली. अडुसष्ट: "खुर्ची."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सगळ्या फायली तपासल्या आणि यादी केली. बहुतेक खुणा श्वासाच्या होत्या. शब्द फक्त पाच ठिकाणी. "खिडकी" आणि "खुर्ची" होऊन गेले होते. "दिवा" आणि "रक्त" बाकी होते. पाचवी खूण फ्ल्यूगलहॉर्नच्या फायलीत होती, सोलोच्या मधोमध, एकशे बाराव्या खणावर.

"इथून डाउवे नाही."

त्या गावातल्या कुणी माझ्या भावाला पाहिलेलंही नव्हतं. कागद पन्नास वर्षांचा.

मी ते खोडलं. खोडरबराचे कण बोटांनी झटकले आणि कोऱ्या कागदावर तो सोलो स्वतःच्या हाताने उतरवून काढला. जुना कागद खोक्याच्या तळाशी टाकला.

पुढच्या दोन तालमींत दिवा गेला आणि ढोलवालीच्या नाकातून रक्त आलं. नेमकं त्या त्या खणात, एकेकदाच. मात्र एकशे बाराव्या खणात काही झालं नाही. डाउवे सोलो वाजवत राहिला, नेहमीसारखा, शेवटच्या वरच्या सुराला किंचित घसरत. मला हायसं वाटलं. मग फायली गोळा करताना मी त्याची फाइल उघडली. मी उतरवलेल्या कागदावर, एकशे बाराव्या खणावर, तेच शब्द होते. या वेळी अक्षर डाउवेचंच होतं. गोल, शाळकरी. मीच वळण लावलेलं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन कागद त्याच्यासमोर धरला.

"हे तू लिहिलंस?"

त्याने हात पुसून कागद घेतला. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "मी लिहिलं नाही."

"मग वाजवू नकोस. आजारी पड. हात मोडलाय म्हण."

"आणि सोलो कोण वाजवणार? सिप्के?" तो हसला, पण हसू लगेच विरलं. "रिन्स, मी नाही गेलो तर बँड गेला. मग या गावात राहिलं काय? तू, मी आणि गाई."

"मला चालेल."

"मला नाही चालणार," तो म्हणाला आणि बादली उचलली.

मी गेर्लोफकडे गेले, खुणांचं सांगून रचना बदलायला म्हटलं. परीक्षकांकडे रचनेच्या प्रती पोचल्या होत्या, आता बदल करता येत नव्हता. "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की योगायोग मोजले तर तेही नियमात बसतात," तो म्हणाला.

मग त्या बंद पडलेल्या बँडच्या शेवटच्या चिटणीस बाईंचा नंबर शोधून फोन केला. नव्वदीच्या असाव्यात. मी रचनेचं नाव सांगितलं.

"आम्ही वाजवली होती ती," त्या म्हणाल्या. "मग पुढे बँड बंद केला."

"का? माणसं गेली?"

"गेली कुठे? सगळी होती. सगळी फार छान वाजवायला लागली होती." आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर कितीदा लावला, उचलला नाही.

स्पर्धा नोव्हेंबरातल्या शनिवारी, दुपारी दोनला होती. बसमध्ये डाउवे माझ्या शेजारी बसला. त्याने डब्यातला राय धान्याचा काळा पाव आणि चीज अर्धं मला दिलं. स्पर्धेचं गाव, ड्राख्तन, जवळ आलं तेव्हा म्हणाला, "समज काही झालंच, तर लाल गाईजवळ डावीकडून जायचं. उजवीकडून गेलं की लाथ मारते."

"माहीत आहे मला."

"तरी सांगून ठेवतो."

सभागृह भरलेलं होतं. नेमून दिलेला तुकडा बरा गेला. मग गेर्लोफने छडी उचलली आणि 'पाणी ओसरताना' सुरू झालं.

मी खण मोजत होते. शंभर. एकशे पाच. डाउवे उभा राहिला होता. माझ्या जागेवरून त्याची पाठ आणि डावा कान दिसत होता.

एकशे दहा.

मला उठून त्याचा हात धरता आला असता. मी माझ्या वाट्याचे विराम मोजत बसले.

एकशे अकरा.

एकशे बारा.

काहीच झालं नाही. दिवा गेला नाही. कुणी पडलं नाही. सूर तुटला नाही.

फक्त त्याचे खांदे खाली आले. ओझं उतरल्यावर येतात तसे. आणि सूर स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात धरला. शेवटच्या वरच्या सुराला तो घसरला नाही.

आम्ही पहिले आलो. गेर्लोफ रडला. सिप्केने ट्यूबा मिठीत घेतला. डाउवे सगळ्यांशी हसून हात मिळवत होता. माझ्याजवळ आला आणि माझाही हात हातात घेतला.

"छान झालं, रिन्स्के," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने मला कधी रिन्स म्हटलं नाही.

तो गाई सांभाळतो. उजवीकडून गेला तरी लाल गाय लाथ मारत नाही, मान खाली घालून थरथरत उभी राहते. कॉफीत साखर घेत नाही, विचारलं तर म्हणतो, "कधी घ्यायचो का?" बोलणं नेमकं, वागणं चांगलं. आईच्या कबरीवर फुलं न्यायची आठवणही त्यानेच केली. कबर कुठली ते मात्र मला विचारलं.

डॉक्टरांकडे नेलं. तपासून म्हणाले, "या वयात इतकी उत्तम तब्येत मी पाहिली नाही." गेर्लोफला सांगितलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, बँड वाचला. डाउवे कधी नव्हे इतकं सुंदर वाजवतोय. आणि तुमची तक्रार नेमकी काय?"

काय सांगणार? माझा भाऊ घरी आहे, जेवतो, झोपतो, दार वाजवून विचारपूस करतो. हरवला अशी तक्रार कुणाची लिहायची?

नव्या वर्षाच्या सकाळी बँड बांधावर उभा राहून वाजवतो, ही गावची रीत. या वर्षी थंडी कडाक्याची होती. कालव्यावर बर्फ धरलं होतं, ट्रम्पेटची बटणं अडकत होती. तासभर वाजवून झाल्यावर आम्ही थांबलो. समोर ओहोटीचा चिखल गोठून पांढरा पडला होता. वीस जणांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि वाद्यांच्या तोंडांतूनही.

डाउवेने फ्ल्यूगलहॉर्न खाली केलं. त्याच्या ओठांसमोरची हवा स्वच्छ होती. मी बघत राहिले. तो सिप्केशी बोलला, हसला, गेर्लोफला शुभेच्छा दिल्या. वाफ आली नाही.

मग तो माझ्याकडे वळला. माझे दात वाजत होते. त्याने गळ्यातला लोकरी मफलर सोडला आणि माझ्या गळ्याभोवती दोन वेढे घालून नीट बसवला.

"गारठलीस," तो प्रेमाने म्हणाला.

मफलर घरातून निघाल्यापासून त्याच्या गळ्यात होता. लोकरीच्या आतल्या बाजूला, त्याच्या मानेला लागून होती तिथे, दव गोठलेलं होतं.