रिकाम्या माळ्याचा कुकारा

सरका रे जरा आत, शेकोटी सगळ्यांची आहे. अश्विनी, तो मोबाईल ठेव आता बाजूला, इथं रेंज तुझ्या नशिबात नाही. पुढच्या वर्षी हॉस्टेलवर जायच्या गप्पा मारतेस ना? मग हे ऐकच. घाबरवायला सांगत नाही. आज वसुबारस. चार वर्षांपूर्वी याच रात्री जे घडलं ते सांगतो. माझ्या बहिणीच्या वाडीतली गोष्ट, गणेशगुडीहून आत रानात गेलं की ती वाडी लागते. ज्याच्या बाबतीत घडलं तो सागर अजून भेटतो मला. चहा पितो, बोलतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

सुरुवात अगदी साधी आहे. सागरला धारवाडच्या एका कॉलेजात बीएस्सीला जागा मिळाली आणि त्याचा बाप परशू त्याला पोचवायला निघाला. श्रावणाचे दिवस. एक पत्र्याची ट्रंक, अंथरुणाची वळकटी आणि रुक्मानं, म्हणजे सागरच्या आईनं, बांधून दिलेली लोणच्याची बरणी. दांडेलीला बस बदलली. हळियाळ मागं पडलं तसं रान विरळ होत गेलं. परशू खिडकीतून डोळे बारीक करून बघत होता.

"एवढा उजेड कुठनं येतोय रं?" तो म्हणाला.

"झाडं न्हाईत नव्हं, बा. म्हणून."

हॉस्टेलच्या खोलीत परशूनं पोराची खाट हलवून बघितली, दाराची कडी आतून लावून बघितली, घट्ट बसते की नाही ते. दुसऱ्या खाटेवर खानापूरकडचा एक मुलगा होता, महाबळेश्वर. त्याला म्हणाला, "ह्याला जरा बगा हां, मालक." अठरा वर्षांच्या पोराला मालक. सागरला लाज वाटली. फाटकाशी बाप एवढंच बोलला, "जेवत जा." आणि निघाला. तो वळणापलीकडे जाईपर्यंत सागर उभा राहिला, आणि मग त्याला आत कुठून जायचं तेच आठवेना.

पहिले महिने कसे जातात ते ज्याचं तो जाणे. वर्गात मास्तर इंग्रजीत सुसाट सुटायचे. सागर वहीत निम्मं उतरवायचा, निम्मं सोडून द्यायचा. शंका विचारायला हात वर करायची हिंमत नव्हती. मेसमधली ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, कारण हे पोर जन्मापासून भातावर वाढलेलं. आणि रात्री झोप नाही. व्हरांड्यात दिवा रात्रभर जळायचा, रस्त्यावरून ट्रक जायचे. एवढ्या आवाजात, एवढ्या उजेडात माणसं झोपतात कशी, हे त्याला कळत नव्हतं. रविवारी परशू रेंजसाठी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यायचा आणि फोन लावायचा.

"बरं हाय न्हवं?"

"हाय की."

"मग झालं."

दोघंही खोटं बोलायचे आणि दोघांनाही ते ठाऊक असायचं.

आता मधे एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिकडं भात पिकायला लागलं की शेतात माळे बांधतात. चार खांब, वर फळ्या, गवताचं छप्पर. डुकरं येतात, गवे येतात, त्यामुळं रात्रभर राखण. एकेका माळ्यावर एकेक जण. झोप लागू नये म्हणून कुकारा द्यायचा. वरच्या शेतातला माणूस "हूऽऽ" करून ओरडतो, त्याच्या खालचा त्याला जाब देतो, मग त्याच्या खालचा, असा कुकारा रानाच्या कडेपर्यंत जातो. आणि रीत अशी की एखाद्या माळ्यावरून जाब आला नाही, तर शेजारच्यानं खाली उतरायचं आणि बघून यायचं. कुणाला ताप असेल, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला असेल. झोपेत असला तर शिव्या घालायच्या. पण ज्या माळ्यावर माणूसच नाही, त्याची पाळी सोडून द्यायची. रिकाम्या माळ्याला साद घालायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. घालायची नाही, बस.

रानाच्या कडेचा शेवटचा माळा सागरचा होता. शाळेत असल्यापासून तो तिथं बसायचा. बापाच्या कुकाऱ्याला शेवटचा जाब त्याचा.

त्या वर्षी नवरात्रात राखण सुरू झाली, आणि इकडे धारवाडात सागर झोपेत ओरडायला लागला.

पहिल्या रात्री महाबळेश्वर दचकून उठला. "अरे, ओरडालास कशाला?" सागरला काही आठवत नव्हतं. दुसऱ्या रात्री पुन्हा. मग रोज. झोपेतच मान वर करायचा, तोंडाशी हात धरायचा आणि लांब "हूऽऽ" करायचा. नंतर कूस बदलून गाढ झोपायचा. गंमत म्हणजे त्या दिवसांपासून त्याला झोप लागायला लागली होती. पण शेजारच्या खोल्या जाग्या व्हायच्या. पोरं ती पोरंच. सागर मेसमध्ये ताट घेऊन आला की कुणीतरी कोपऱ्यातून कोल्ह्यासारखं ओरडायचं. त्याचा तालुका जोयडा, म्हणून त्याचं नाव पडलं जोयड्याचा कोल्हा. वर्गातल्या मुलींपर्यंत ते गेलं. एक दिवस प्रयोगशाळेत मागून कुणीतरी "हूऽऽ" केलं आणि मास्तरही हसले.

त्या रात्री सागर रडला. त्याला घरी जायचं नव्हतं आणि इथं राहायचं नव्हतं. पोरांनो, असं होतं. ज्याला झालंय त्याला विचारा.

"मला गप ऱ्हायला शिकायला पायजे," तो महाबळेश्वरला म्हणाला. "न्हाईतर इथं माजा निभाव लागायचा न्हाई."

वसुबारसेची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चाचणी, ती झाली की दुपारच्या बसनं दिवाळीला घरी. सागरनं टॉवेलचं टोक दातात घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

त्याला हाक ऐकू आली. ते त्यानं मला स्वतः सांगितलं. झोप होती की जाग होती ते माहीत नाही, पण बाचा आवाज होता. लांबून, ओल्या भातावरून येतो तसा. छातीतून जाब वर आला. त्यानं दात आवळले... पुन्हा हाक आली. त्यानं उशी धरली... मग तिसरी. ही जरा जवळून वाटली. जरा काळजीची वाटली. सागर गप्प राहिला.

मग हाक थांबली.

आणि त्याला अशी झोप लागली की विचारू नका. सकाळी उठला तो हसत. चाचणीचा पेपर बरा गेला. बाहेर येऊन महाबळेश्वरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जमलं बग मला. आता मी हितला झालो." महाबळेश्वरनं त्याचं तोंड नीट निरखलं. तो सकाळपासूनच गप्प होता. तेवढ्यात वाडीतल्या, शेजारच्या गणेशचा फोन आला. तो म्हणाला, असशील तसा निघून ये.

परशूला अंगणात ठेवलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. रुक्मा भिंतीला टेकून बसली होती. सागरला बघून तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एवढंच विचारलं, "तू बरा हाईस न्हवं?" हे असं का विचारते, ते सागरला तेव्हा कळलं नाही. बाप अंगणात पडलेला, आणि आई विचारते तू बरा आहेस ना.

कळलं ते बाराव्यानंतर. गणेश त्याला शेताच्या बांधावर घेऊन गेला. गणेशचा माळा परशूच्या शेजारी. बारा दिवस तो हे बोलावं की नाही याच घोळात होता.

"तुजा बा तुजी पाळी सोडत न्हवता," गणेश म्हणाला. "पयल्या दिवसापास्नं. मी म्हटलं, दादा, तितं कोण हाय? म्हणाला, सवय हाय रं, आसू दे. आन मग..."

"मग काय?"

"मग जाब यायला लागला."

सागरनं रानाच्या कडेच्या माळ्याकडं बघितलं.

"रोज. तुज्या माळ्यावरनं. मी सोता ऐकलाय. मी इच्यारलं, पोरगं आलंय काय? तर हसला. म्हणाला, न्हाई, पन जागं हाय बग. तुज्या आईनं किती सांगितलं, रिकाम्या माळ्याला साद घालू नका, ते आपलं न्हाई. तर म्हणायचा, माज्या पोराचा आवाज मला कळत न्हाई व्हय? तुला फोनवर सांगू नको म्हणाला. अब्यास बिगडल म्हणाला."

"आन त्या रातीला?"

गणेशनं मान खाली घातली. "तीन डाव साद घातली त्यानं. जाब न्हाई. मी वराडलो, दादा, उतरू नगंस, पोरगं धारवाडला हाय. तो म्हणाला, म्हणूनच की रं. आजवर कदी असं केलं न्हाई त्यानं. बगून येतो. बॅटरी घिऊन बांधावरनं गेला. तुज्या माळ्याच्या शिडीपातूर उजेड गेला... आन तितंच ऱ्हायला."

सागर बांधावर बसला. जमलं बग मला, असं म्हणाला होता ना तो सकाळी? ते शब्द त्याला आता ऐकवेनात. गणेश काहीबाही समजावत होता, पण त्याचं एकच चाललं होतं, मी जाब दिला असता तर... मी जाब दिला असता तर... त्यात त्या लेकराचा काय दोष? पण हे तुम्हाआम्हाला. त्याला कोण सांगणार?

त्यानं ठरवलं, कॉलेज सोडायचं. आईला म्हणाला, ट्रंक घेऊन येतो आणि शेत बघतो. तिनं डबा करून दिला.

खोलीत महाबळेश्वर एकटाच होता. सागर ट्रंकेत कपडे कोंबायला लागला. महाबळेश्वरनं दार लोटून घेतलं. दारापासून दोन्ही खाटांच्या मधे एक चटई अंथरलेली होती. चाचणीच्या सकाळी उठला तेव्हाही ती होती, पण घाईत त्यानं विचारलं नव्हतं.

"सागर, मला एक सांगायचं हाय," तो म्हणाला. "आदीच सांगणार होतो. पन तुज्या घरचा फोन आला, आन..."

"सांग."

"त्या रातीला मी जागा होतो. दाराला आतनं कडी होती. मी सोता लावलेली. डोळं उगडलं तर तुज्या खाटंजवळ मानूस उबा. मुंडासं... अंगावर कांबळं. मला वाटलं वॉचमन. कोण हाय म्हणून इच्यारलं, तर तोंडावर बोट ठेवलं. भाताच्या पेंड्यांचा वास आला. ओला."

सागरचा हात ट्रंकेतच राहिला.

"वाकला. तुज्या नाकाशी कान नेला. लई येळ ऐकत ऱ्हायला. मग तुज्या दातातला टावेल... हळू काढला. बारक्या पोराच्या तोंडातनं काय काडतात न्हवं, तसा. आन माज्याकडं बगून म्हणाला, झोपलाय. बरा हाय."

बाहेर मेसची घंटा झाली, पोरं ताटं वाजवत गेली.

"राग हुता काय?" सागरनं विचारलं. "त्याच्या तोंडावर... राग हुता?"

"न्हाई रं. हसला."

तेव्हा सागर रडला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. बाराव्यालाही रडला नव्हता. महाबळेश्वर शेजारी बसून राहिला, पाठीवर हात ठेवून, आणि पोर रडत राहिलं. पुढचं आधीच सांगून टाकतो. सागरनं कॉलेज सोडलं नाही. तीन वर्षं त्याच खोलीत, त्याच खाटेवर काढली. वॉर्डननं दुसरी खोली देऊ केली होती, नको म्हणाला. आता दांडेलीला नोकरीला आहे, आईला घेऊन राहतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी, रडणं सरल्यावर, महाबळेश्वर उठला आणि त्यानं चटई उचलली.

"झाडणाऱ्याला हात लावू दिला न्हाई मी," तो म्हणाला.

फरशीवर पावलं होती. अनवाणी. काळा चिखल वाळून टणक झालेला. टाचांच्या भेगा दिसत होत्या, एका पावलाला भाताचं कुसळ चिकटलेलं. बंद दाराच्या उंबऱ्यापासून निघून ती सरळ सागरच्या उशाशी आली होती.

सागर खाली बसला. एकेका पावलावरून बोट फिरवत दारापर्यंत गेला. परत उशापर्यंत आला. खाटेखाली बघितलं. खिडकीखाली बघितलं.

"आन परत गेलेली?" त्यानं विचारलं.

"मी बी तीच हुडकली," महाबळेश्वर म्हणाला. "न्हाईत."