णु अक्षराचा कुंचा

चुन्याचं पोतं घेऊन डोंगर चढणारा तो पोरगा घसरला, आणि थेट तनुजाच्या पायाशी येऊन थांबला. परतीचा पाऊस भुरभुरत होता. पोतं फुटलेलं, पोरगा डोक्यापासून पांढरा.

“पाया पडायची एवढी घाई?” तनुजा म्हणाली.

“पाय बघून न्हाई पडलो...” तो डोळे पुसत म्हणाला, “तोंड बघून पडलो.”

घ्या! नाव-गाव सांगायच्या आधीच हे. नाव रविकिरण. उदगीरचे लिंगायत व्यापारी महादेवप्पा, त्यांचं माहुरात रंगाचं दुकान, आणि हा त्यांचा धाकटा.

माहूरला निघालेल्या भाविकांना लांबूनच दिसावं म्हणून या गावच्या पणज्यांनी डोंगरउतारावर दगड रचून ‘रेणुका’ लिहिलं होतं. तीन अक्षरं, तीन घरं. घटस्थापनेआधी ज्यानं त्यानं आपल्या अक्षराचे ढासळलेले दगड बसवायचे आणि त्यांना चुना द्यायचा. ‘णु’ तनुजाच्या बाबांचं, व्यंकटरावांचं. त्यांना मुलगा नाही, म्हणून कुंचा पोरीच्या हाती. ती सासरी गेली की अक्षर भावकीत जाणार, आणि हिमायतनगरची सोयरीक तर दारात येऊन बसलेली. तनुजाला ना ते घर सोडायचं होतं, ना ते अक्षर.

रविकिरण रोज चुना घेऊन यायला लागला. लागायचं एक पोतं, हा आणायचा अर्धं, म्हणजे उद्या परत यायला कारण.

“दे तो कुंचा. तुझे हात भाजून राहिले,” एक दिवस तो म्हणाला.

तनुजानं कुंचा मागं लपवला. “आमच्यात परक्यानं कुंचा धरला की पंच घटस्थापनेला सगळ्यांसमोर त्याला विचारतात, या घरचा होतो का. त्यानं ‘हाव, होतो’ म्हटलं, की तो त्या घरचा जावई. इथंच राहायचं मग... बघ बाबा.”

त्याचे कान लाल झाले. “मग दे की लवकर—”

तिनं दिला. त्यानं ‘णु’चा उकार वरपासून खालपर्यंत पांढरा केला, आणि ती वेडी दगडावर बसून बघत राहिली. सुखानं ऊर फुटतो की काय, असं तिला झालं होतं.

घटस्थापनेला सारा गाव डोंगरावर. दर्शनाला आलेले महादेवप्पाही कपाळाला विभूती लावून गर्दीत उभे. पंचांतले थोरले लिंबाजी कुंचा हातात घेऊन म्हणाले, “णुला कुणाचा हात?”

“माझा,” तनुजा म्हणाली, “आणि रविकिरणचा.”

व्यंकटरावांनी लेकीकडं पाहिलं. रागावले नाहीत. उलट आशेनं त्या पोराकडं वळले.

“हाव का रे?” लिंबाजींनी विचारलं.

रविकिरणनं बापाकडं पाहिलं. महादेवप्पा त्याच्याकडंच बघत होते.

“मी... मी फक्त चुना पोचवला,” रविकिरण म्हणाला.

गावात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लिंबाजींनी कुंचा तनुजाच्या चुलतभावाच्या, भुजंगच्या हाती दिला, आणि त्यानं त्या उकारावरून पुन्हा चुना फिरवला.

उतारावर रविकिरणनं तिला गाठलं. “तनू, थांब... अप्पा समोर होते गं. जीव हाय माझा तुझ्यावर. खरं सांगून राहिलो...”

किती दिवस या एका वाक्याची तिनं वाट पाहिली होती.

“हे वर बोलायचं होतं,” ती म्हणाली. “तिथं माझे बाबा तुझ्या तोंडाकडं बघून राहिले होते.”

तो तिथंच राहिला. ती बाबांना धरून उतरायला लागली.

“मला बरा वाटला होता गं पोरगा,” व्यंकटराव म्हणाले.

तोवर डोळ्यांतून टिपूसही न काढलेली तनुजा वाटेतच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.