चित्र जुळल्याशिवाय विक्री नाही

यज्ञेश्वर खांबेटे यांनी बुधवार पेठेत फोटो स्टुडिओ थाटला. त्यांचे चिरंजीव विश्वनाथ यांनी त्याच गाळ्यात कॅमेरे विकले. विश्वनाथांचे चिरंजीव दत्तात्रेय यांनी तिथेच टीव्ही मांडले. आणि दत्तात्रेयांच्या एकुलत्या कन्या मंदाकिनीबाई यांनी साठी उलटल्यावर, आप्तेष्टांना तोंडात बोटे घालायला लावून, व्हिडिओ गेमचे दुकान सुरू केले. माल बदलत गेला, घराण्याचा दंडक बदलला नाही: चित्रात दाखवाल तेच गिऱ्हाइकाच्या पदरात घाला.

दंडकाला कारण होते. यज्ञेश्वरांच्या उमेदीच्या काळात गोदाबाई नावाच्या बाई फोटो काढवून घ्यायला आल्या. चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. यज्ञेश्वरांनी मोठ्या हौसेने, शिसपेन्सिलीने, निगेटिव्हवरचा एकेक वण बुजवला. गोदाबाईंनी फोटो पाहिला आणि शांतपणे विचारले, “छान आहे. ही कोण?” मग तो टेबलावर ठेवून म्हणाल्या, “माझा तयार झाला की निरोप धाडा.”

निरोप कधी गेला नाही. गोदाबाई वारल्या. ती गुळगुळीत बाई शोकेसमध्ये राहिली आणि ‘गोदाबाईंचं देणं’ पिढ्या उतरत मंदाकिनीबाईंच्या माथी आले. त्यांच्यामागे दुकान नात स्वराली चालवणार होती. पोरीच्या गळ्यात हे देणे बांधून जायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. फेडायचे कसे, तेवढेच ठाऊक नव्हते.

तोवर दंडक तरी पाळावा, म्हणून दारावर पाटी होती: ‘चित्र जुळल्याशिवाय विक्री नाही. वाद घालू नये.’ नवा गेम आला की स्वराली तो कन्सोलवर लावी, डब्यावरच्या चित्रातली जागा शोधून काढी, आणि मंदाकिनीबाई पणजोबांचे भिंग घेऊन डबा टीव्हीशेजारी धरीत.

“अहो आजी, कव्हरवर थोडं सजवतातच,” एखादे गिऱ्हाईक म्हणे.

“स्थळाच्या फोटोतही सजवतात. म्हणून आपण प्रत्यक्ष बघायला जातो.”

एके दुपारी एका जुन्या शहराचा गेम आला. डब्यावर फरसबंदी पाण्याने चकाकत होती, पिंपळाचे पान न् पान सुटे दिसत होते, आणि माडीची एक खिडकी रिकामी होती. पडद्यावर मात्र फरसबंदी कोरडी ठक्क, आणि रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे वापरून झिजलेल्या साबणासारखे.

“पानं बघ. पत्रावळ टाचल्यासारखी,” मंदाकिनीबाई खुशीत म्हणाल्या. फसवणूक सापडली की त्यांना जेवण गोड लागे.

“आजी, जाहिरातीचे शॉट्स भारी कम्प्युटरवर काढतात. कन्सोलला तेवढं झेपत नाही.”

“मग डब्यात तो कम्प्युटरही घाला म्हणावं.”

स्वराली हसली आणि हसता हसता थांबली. “पण इथे उलटं झालंय. डब्यावर खिडकी रिकामी आहे ना?”

पडद्यावरच्या खिडकीत एक नऊवारीतली बाई उभी होती. बाकी सगळे शहर पुसट. हिच्या मात्र लुगड्याची वीण मोजून घ्यावी. गालांवर वण होते. प्रत्येकाला स्वतःची सावली होती.

स्वरालीने गेम बंद करून पुन्हा लावला. बाई खिडकीत होतीच; आता तिने कठड्यावर हात ठेवले होते. स्वरालीने मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे खिडकी रिकामी होती.

“बग असेल,” स्वराली म्हणाली, पण कंट्रोलर तिने काउंटरवर ठेवून दिला.

दुकानात आंबूस वास सुटला. मंदाकिनीबाईंनी तो लहानपणानंतर घेतला नव्हता. डार्करूममध्ये फोटो पक्के करायच्या रसायनाचा, हायपोचा वास.

पडद्यावर आता खिडकी नव्हती. एक खुर्ची होती, शेजारी पितळी फुलदाणी, आणि खुर्चीत पदर सारखा करून बसलेली ती बाई. शोकेसमधल्या फोटोत होती तीच खुर्ची, तीच फुलदाणी.

ती त्यांच्याकडेच पाहत होती. फोटोसाठी बसलेले माणूस पाहते, तशी.

मंदाकिनीबाईंच्या तोंडून गिऱ्हाइकाशी बोलायचा दुकानी आवाजच निघाला. “मान जरा डावीकडे.”

मान डावीकडे वळली.

“आजी, मी काहीही दाबलेलं नाही.”

“आता दाब. फोटोचं बटण.”

खट् झाले. चित्र काउंटरवरच्या फोटो-प्रिंटरकडे गेले. प्रिंटरने नेहमीप्रमाणे विचारले, चेहरा उजळ करू का? स्वरालीचे बोट सवयीने ‘हो’कडे निघाले.

“हात काढ.”

मंदाकिनीबाईंनी स्वतः ‘नाही’ दाबले.

कागद सावकाश बाहेर आला. भिंग लावून त्यांनी तो पाहिला. एकही वण कमी नव्हता. शोकेसमध्ये जुन्या फोटोशेजारी तो ठेवून त्यांनी कुलूप लावले आणि दाराशी जाऊन, रहदारीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “गोदाबाई, फोटो तयार आहे. सवडीनं घेऊन जा.”

“कुरिअरने कळवायचं होतं ना,” स्वराली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

सकाळी शोकेसचे कुलूप जसेच्या तसे होते. नवा फोटो नव्हता. जुन्या फोटोत खुर्ची होती, फुलदाणी होती. खुर्चीत कोणीच नव्हते.

मंदाकिनीबाईंनी हात जोडले. मग मोकळ्या मनाने चहा मागवला, आणि तो गार होईस्तोवर पणजोबांच्या तसबिरीकडे पाहत राहिल्या.

“आजी,” स्वरालीने काउंटरवरून विचारले, “ही कोण?”

तिच्या हातात त्या गेमचा डबा होता. माडीच्या खिडकीत आता एक गुळगुळीत चेहऱ्याची बाई उभी होती.

“ती आपली कोणी नव्हे,” मंदाकिनीबाईंनी डबा पालथा घातला. “आपलं देणं पुरतं फिटलं.”

डब्याच्या मागेही चित्रे होती. त्यांतही ती होती, जरा अलीकडे आलेली.