मोडक्या बिस्किटांचं बाळसं

"टाक ते खाली! आत्याच्या हातचं काही खायचं नाही, किती वेळा सांगू तुला?"

पाच वर्षांच्या भिंगरीच्या हातातलं अर्धं केळं तिच्या आईने असं काही हिसकावून घेतलं, की पोर क्षणभर रडायचंही विसरली. ताई ओट्याला टेकून उभी होती, तशीच उभी राहिली. साधं केळं होतं हो ते! ना त्यात साखर, ना लोणी... पण ते ताईने सोललं होतं, आणि गेल्या दीड महिन्यापासून या घरात ताईचे हात म्हणजे जणू गुन्हेगाराचे हात झाले होते. "अगं, केळंच होतं..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. भावजयीने खाऊच्या कपाटाला कुलूप घातलं आणि लेकीचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

भावजय वाईट होती असं मुळीच नाही. लग्न होऊन आल्यापासून नऊ वर्षं तिने नणंदेला मान दिला होता, "ताई, तुम्ही बसा हो जरा," असं म्हणत तिच्या हातातली भांडी काढून घेतली होती. पण ज्या बाईचा नवरा एकेचाळिसाव्या वर्षी छाती धरून कोसळतो, तिच्या काळजात भीती कायमची वस्तीला येते, आणि भीतीला नाती कळत नाहीत. ताईचा भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट सोडवता सोडवताच तो घामाने डबडबून खाली बसला होता. आत अडकलेली माणसं सुखरूप बाहेर आली आणि त्यांनीच याला उचलून इस्पितळात नेलं. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या.

त्याला सगळे गुट्टू म्हणायचे. हे नाव ताई काम करायची त्या बिस्किटाच्या कारखान्यातल्या बायकांनी ठेवलं होतं, आणि त्यामागे एक मोठा इतिहास होता, जो ताईने उभ्या आयुष्यात अभिमानाने शंभरदा तरी सांगितला असेल. इस्पितळात मात्र तो सांगायला नको होता... पण तिला काय ठाऊक!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. त्यांनी विचारलं, "जन्मले तेव्हा वजन किती होतं, काही आठवतं का कोणाला? आणि लहानपणी खाणंपिणं कसं होतं? यांना वाढवलं कोणी?"

"मी!" ताईने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. "आई याच्या जन्मानंतर आठव्या दिवशी गेली. मी सतरा वर्षांची होते. वही आहे माझ्याकडे, सगळी वजनं लिहून ठेवलीत!" आणि ती खरोखरच दुसऱ्या दिवशी घरून ती वही घेऊन आली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या... तिच्या सगळ्या तारुण्याचा तेवढाच काय तो पुरावा!

जन्माला आला तेव्हा गुट्टू एक किलो सहाशे ग्रॅमचा होता. तो पोटात असताना वडिलांचं काम सुटलेलं होतं, आई चहाच्या घोटावर दिवस काढत होती. उंदराएवढं पोर हातात घेऊन ताई पॅकिंग खात्यात कामाला लागली. कारखान्यात एक रीत होती. अख्खं बिस्किट फाटकाबाहेर जायचं नाही, तुटलेली मात्र दर शनिवारी कामगारांना पिशवी भरून मिळायची. आता बिस्किटं आपणहून किती तुटणार? आणि तुटायची तीही बहुतेक साधी, कोरडी. लोणी आणि मलईचं महागाचं बिस्किट भलतंच चिवट! मग ताई चालत्या पट्ट्यावर नजर चुकवून त्या महागाच्या बिस्किटाच्या कडेवर अंगठा दाबायची. अगदी हलकेच... कट्! दोन वर्षांनी मुकादमाने तिला पकडलं आणि शिक्षा म्हणून भट्टीवर पाठवलं. तिथे तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, चट्टे अजून आहेत. पण तोवर इतर बायकांचे अंगठे कामाला लागले होते. गुट्टूची पिशवी कधी रिकामी राहिली नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली, की ती पोराला खोक्यांच्या वजनकाट्यावर बसवायची. सगळ्या जणी भोवती गोळा व्हायच्या. काटा अर्धा किलो पुढे सरकला की टाळ्या! "अगं, भरला बघ! गाल बघ, कसे गुटगुटीत झालेत!" त्या गालांपायी ताईने दोन स्थळं नाकारली. तिसरं नाकारायची वेळच आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत चाळली. मग त्या हळूहळू बोलू लागल्या, आणि भावजय कानांत प्राण आणून ऐकू लागली. "असं बघा, आईच्या पोटात ज्या बाळाची उपासमार होते, ते थोडक्यात भागवायला शिकून जन्माला येतं. मग त्याच्यावर एकदम साखर-लोण्याचा मारा झाला, दोन-तीन वर्षांत ते असं भराभर फुगलं, की पुढे त्याच्या वाहिन्यांना, हृदयाला धोका वाढतो. लहानपणचा लठ्ठपणा पुढेही टिकला, तर काही कॅन्सरचाही. एकट्या यांच्या बाबतीत छातीठोक नाही सांगता येणार. विड्या होत्या, धावपळ होती, तीही आहेच. पण पाया बहुधा तिथे घातला गेला." आणि त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या पानावर, ज्या पानावर ताईने वाढलेल्या वजनापुढे आनंदाने उद्गारचिन्ह काढलं होतं!

बस्स. त्या क्षणी ताईच्या अंतःकरणात काहीतरी उन्मळून पडलं. ज्या पुण्याईवर ती आजवर ताठ मानेने जगली होती, ते पापच होतं तर... अंगठा दाबून तिने बिस्किटं मोडली नव्हती, सख्ख्या भावाचं आयुष्यच मोडलं होतं!

आणि आता? आता तिला धड घरात राहता येईना, धड घराबाहेर पडता येईना. मागच्या लहान खोलीत खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात बाहेर काढला तर लागेल एवढ्या अंतरावर. दिवसभर ती त्या भिंतीकडे बघत बसायची. स्वयंपाकघरात गेलं तर भावजय हातातलं काम टाकून तिथेच येऊन उभी राहायची. नुसतं लक्ष ठेवायला. भिंगरी दाराशी येऊन घुटमळायची आणि आईची हाक आली की पळायची. त्या पोरीची काटकुळी मनगटं बघून ताईचा जीव तुटायचा, हात शिवशिवायचे. ज्या बाईला खाऊ घालण्यापलीकडे माया करायची दुसरी रीतच ठाऊक नाही, तिने करावं काय?

एकदा तिने बॅग भरली. कारखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी होती. पण गुट्टूला सुगावा लागला आणि तो अंथरुणातून धापा टाकत दारात येऊन उभा राहिला. "तू गेलीस ना ताई, तर आजपासून मी गोळ्या बंद करेन. बघ मग!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भावजयीने धावत येऊन त्याला धरलं आणि नणंदेकडे अशा नजरेने पाहिलं, की ताईने निमूटपणे बॅग पुन्हा कपाटावर टाकली. राहिली तर भावजय धास्तावते, गेली तर भाऊ जातो... सगळीकडून कोंडी झाली होती.

इकडे जेवणाचं रोजचंच रामायण सुरू होतं. आहाराचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता: पालेभाज्या, डाळी, उकडलेलं, तेल बेताचं, साखर नाही. भावजय बिचारी तो कागद बघून रांधायची आणि गुट्टू दोन घासांत ताट सरकवून द्यायचा. "हे काय माणसाचं खाणं आहे? जनावरापुढे टाकतात असलं!" मग भावजय ओट्याशी डोळे पुसायची. मागच्या खोलीत ताईला वासावरून कळायचं, की पाला फार शिजलाय, डाळीत लसूण पडलेला नाही, मिरी तर नाहीच. जिभेवर आलेलं ती गिळून टाकायची. मी कोण सांगणारी? माझ्या खाऊ घालण्यानेच तर ही वेळ आली.

डॉक्टरीणबाईंनी सख्ख्या बहिणीचीही तपासणी करायला सांगितली होती. ताई नको नको म्हणत गेली. तिला मनातून वाटत होतं, आपल्याही छातीत काही निघावं, मोठं काही निघावं, म्हणजे हिशेब फिटेल.

निकाल आणायला गुट्टू स्वतः गेला, बायकोला घेऊन, रिक्षाने. संध्याकाळी परतला तो सरळ मागच्या खोलीत आला. भावजय त्याच्या मागे दारातच थांबली. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने हातातला कागद उलगडला.

"काय निघालं रे?" ताईने विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहेत तुझ्या वाहिन्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिशीतल्या बाईसारख्या." त्याने कागद तिच्या मांडीवर ठेवला. "एकाच आईची ना आपण?"

"अरे, माझ्या वेळी घरात खायला होतं. आई धडधाकट होती तेव्हा..."

"तेही म्हणाल्या त्या. पण मग त्यांनी मला विचारलं, नंतर तुमची बहीण काय खायची? आणि मला सांगता येईना गं! बायकोसमोर, डॉक्टरांसमोर मी मुक्यासारखा बसून राहिलो. बिस्किटं मी खायचो. साय मी खायचो. तू समोर बसून माझं तोंड पुसायचीस. तू काय खायचीस, ताई?"

"खायचे की... असंच काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

ताईने चट्ट्यांवरून हात फिरवला. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर कुठे ठेवलंय हेच तिला सापडेना. "बाजार उठताना भाजीवाला वरचा वरचा पाला टाकून द्यायचा. कोबीचा, मुळ्याचा, बिटाचा. तो आणायचे. मूठभर डाळीत उकडायचे... लसूण, मिरी असली तर असली. तू झोपलास की खायचे."

"आणि बिस्किटं?"

"मला आवडायची नाहीत."

"खोटं बोलू नकोस!"

"एकदाही चाखलं नाही रे," ताई एकदम हुंदका देऊन म्हणाली. "एवढी वर्षं नाकाशी तो वास... एकदा जरी चव घेतली असती ना, तर मला सुटली नसती. मग तुला कमी पडलं असतं! मला काय ठाऊक, मी माझ्या हातांनी तुला..."

गुट्टूने तिचे ते भाजलेले हात आपल्या तोंडावर दाबून धरले आणि चाळीस वर्षांचा तो आडदांड गडी ओक्साबोक्शी रडू लागला. "मी रोज ताट सरकवतो गं... जनावराचं खाणं म्हणतो! तू त्यावर जगलीस!"

दारातली भावजय आत आली. ताईच्या पायाशी बसली, आणि तिचा बांध फुटला. "ताई, तुम्ही सोललेलं साधं केळंही मी हिसकावून घेतलं हो... मला नुसती भीती वाटत होती. कोणावर तरी राग काढायचा होता. मला माफ करा. तुम्ही ते जे करायचात ना, ते मला शिकवा. यांना आणि भिंगरीला तेच घालू." ताईने तिला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पातेल्यातून लसणाचा आणि मिरीचा वास उठला. भावजयीने चार ताटं मांडली. ताई सवयीने पळी घेऊन उभीच राहिली. "तुम्ही घ्या, मी मागाहून बसते."

"बस," गुट्टू म्हणाला.

ती बसली. भिंगरीने चमचा उचलला, बापाने डोळ्यांनीच तिला थांबवलं. तिघेही ताईच्या ताटाकडे बघत होते. ताईचा हात उचलेना! आधी पोराचं पोट भरायचं, मग आपण. हे तिच्या हाडीमासी इतकं भिनलेलं होतं, की समोर कोणी उपाशी असताना घास उचलणं तिला चोरीसारखं वाटत होतं. "निवेल रे बाळा... घे ना तू," ती काकुळतीने म्हणाली.

गुट्टूने मान हलवली आणि हात मांडीवर ठेवले. ताटांतली वाफ हळूहळू कमी होत गेली. कोणीही हललं नाही. शेवटी ताईने खाली मान घालून एक घास तोंडात घातला, आणि तो गिळायला तिला फार वेळ लागला.